झोपाळ्यापासून सुरुवात: बडोद्याच्या घरात घरच्यांची खोली कशी मांडावी

बडोद्यातल्या मराठी घरांत हॉल असतो, पण तो बहुधा पाहुण्यांच्या नावावर असतो. सोफ्यावर चादर, काचेच्या टीपॉयवर हात लावायचा नाही असा शोपीस, समोर भिंतभर शोकेस. आणि घरातली माणसं? ती जेवणं झाली की बेडरूममध्ये पलंगावर पाय पसरून बसतात, एकेक मोबाइल घेऊन. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत हा घोळ नव्हता: बाहेरची ओटी आल्यागेल्याची आणि माजघर घरच्यांचं. पुढे मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडकडे टेनामेंट (ओळीत बांधलेली छोटी स्वतंत्र घरं) आणि फ्लॅट झाले, तेव्हा माजघर नकाशातून गेलं आणि त्याचं काम कुणाला द्यायचं हे ठरवायचं राहून गेलं.

इथे धरलेली खोली साधारण 12 बाय 16 फुटांची आहे, मग तिला हॉल म्हणा, आतली खोली म्हणा किंवा टेनामेंटच्या वरच्या मजल्यावरची मधली जागा. माझं म्हणणं एवढंच की बडोद्यात अशी खोली मांडायला सोफ्यापासून सुरुवात करू नये, झोपाळ्यापासून करावी. झोपाळा ज्या घरात घ्यायचाच नाही, त्यांनाही बाकीचा क्रम तसाच उपयोगी पडेल.

आधी काही दिवस नुसतं बघा

दुकानात जायच्या आधी एक वही घ्या आणि घरातलं कोण, किती वाजता, कुठे आणि कसं बसतं ते लिहून काढा. सकाळी चहा-पेपर घेऊन आजोबा कुठल्या खिडकीशी जातात? दुपारी आई भाजी निवडायला खाली बसते की खुर्चीवर? मुलं अभ्यास टेबलावर करतात की पोटावर पडून? फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणारा एक जण प्रत्येक घरात असतो, त्याचीही नोंद हवी, कारण त्याची वाट अडवली की तो बाल्कनीत जाऊन बोलतो आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जातं.

या नोंदींतून दोन आकडे काढायचे. एक, रोज एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बसतात. दोन, सणावारी किती. रोजचे पाच असतील तर पक्क्या बैठका सातच करा. उत्तरायणाला, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला, गच्चीवरून खाली उतरलेली पंधरा माणसं उंधियू खायला येतील म्हणून वर्षभर नऊ जणांचा सोफा सांभाळण्यात अर्थ नाही. ती माणसं सतरंजीवर बसतात आणि आनंदाने बसतात. हळदीकुंकवाचंही तेच. म्हणजे मोकळी जमीन हीसुद्धा बैठकच आहे, ती मोजून राखून ठेवायची.

मापं आणि रांगोळी

चौकटीच्या कागदावर खोलीचा नकाशा काढा. एक फूट म्हणजे दोन चौकोन धरलं की अर्ध्या फुटापर्यंतचं माप नीट बसतं. भिंतींबरोबर दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीची पट्टी जमिनीपासून किती उंच, स्विचबोर्ड कुठे, आणि छतात बीम कुठून कुठे जातो हेही टिपा. बीम लोक हमखास विसरतात आणि झोपाळ्याला तोच लागतो. सुतार इंच आणि सुतात बोलतो, एका इंचात आठ सूत. त्याच्याशी बोलताना सेंटिमीटर काढलेत तर दोघांचाही वेळ जाईल.

नकाशा झाला की खोली रिकामी करून फरशीवर खडूने किंवा सरळ रांगोळीने फर्निचरच्या कडा आखा. एखाद-दोन दिवस त्या रेषांमधून वावरा. मुख्य येण्याजाण्याच्या वाटेला 3 फूट ठेवा, अगदीच अडचण असेल तर अडीच. बैठकीची कड आणि मधलं टेबल यांत 15 ते 18 इंच: त्याहून कमी असेल तर गुडघे आपटतात, जास्त असेल तर कप ठेवायला उठावं लागतं. स्वयंपाकघरातून ताटं घेऊन येणारी व्यक्ती कुणाचे पाय ओलांडत येत नाही ना, हे रांगोळीवर चालून लगेच समजतं.

झोपाळा

गुजरातच्या घरातला हा हिंचको आपण बडोदेकरांनी इतका आपलासा केला आहे की पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना त्याचं नवल वाटतं आणि जाताना तेच त्यावरून उठत नाहीत. पण हौसेने विकत घेऊन मग जागा शोधायची ही वस्तू नाही. जागा आधी.

फळी साधारण 5 ते 6 फूट लांब आणि 2 फूट रुंद. जमिनीपासून फळीचा वरचा भाग 18 इंचांवर असला की पाय टेकतात आणि घरातल्या ज्येष्ठांना उठताना त्रास होत नाही. गादी घालणार असाल तर तिची जाडी यातून वजा करा. आता झोका. छत 10 फुटांवर आणि फळी दीड फुटावर असेल तर कड्यांची लांबी साडेआठ फूट झाली. निवांत झोका साधारण 15 अंशांचा असतो, म्हणजे फळी मागे-पुढे सव्वादोन फूट जाते. पुढे बसणाऱ्याचे पायही आले. तेव्हा स्थिर फळीच्या कडेपासून पुढे साडेतीन-चार फूट आणि मागे अडीच-तीन फूट मोकळं हवं. फळीच्या दोन फुटांसह आठ-नऊ फूट झाले. 12 फुटी रुंदीत हे बसतं, पण मग त्या पट्ट्यात दुसरं काही येत नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. त्यातली पुढची मोकळी जागा फुकट जात नाही. झोपाळा थांबला की तीच सतरंजीची जागा.

टांगणीच्या बाबतीत मात्र थोडीही हयगय नको. तीन मोठी माणसं म्हणजे दोनशे-सव्वादोनशे किलो, त्यात फळी आणि पितळी कड्यांचं वजन, आणि हलताना ताण त्याहून वाढतो. घर बांधत असाल तर स्लॅब भरायच्या आधीच बीमच्या सळ्यांना अडकवून जाड हुक सोडून घ्या, हा सगळ्यांत स्वस्त आणि पक्का मार्ग. तयार घरात स्लॅबला खालून ड्रिल मारून नुसत्या अँकर बोल्टवर झोपाळा टांगून देणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. वर तुमचीच गच्ची असेल तर स्लॅब आरपार भोकून वरून लोखंडी पाट्यावर नटबोल्ट बसवता येतो आणि वरून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. नाहीतर एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत लोखंडी चॅनल टाकून त्याला हुक घेता येतात. यांतलं काय चालेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून सांगायचं, सुताराने नव्हे. पीओपीच्या खोट्या छताला झोपाळ्याचा एक किलोसुद्धा भार देऊ नका, हुक त्यातून वर मूळ बीमपर्यंत गेला पाहिजे. जुन्या वाड्यातल्या लाकडी तुळईला टांगणार असाल तर तुळई ठोकून, टोचून बघा. वाळवीने आतून पोकळ केलेली तुळई वरून धडधाकट दिसते.

फ्लॅटमध्ये वरच्या घराची फरशी भोकता येत नाही. तिथे स्टँडवरचा झोपाळा घ्यावा. त्याचा पसारा मोठा, झोका छोटा, पण जिवाला घोर नाही.

पंखा आणि झोपाळा यांचं वैर असतं. 48 इंची पंख्याचं पातं मधल्या बिंदूपासून 2 फूट पसरतं. हुकांच्या रेषेपासून पंख्याचा मध्य किमान साडेतीन फूट लांब ठेवा, कारण मुलं झोपाळ्यावर उभी राहणार आणि हात वर करणार, तुम्ही कितीही ओरडलात तरी. कड्या सांध्यांच्या असतील तर लहान मुलांची बोटं चिमटतात, म्हणून हात पोचेल तिथपर्यंत सरळ पितळी दांडे घ्या आणि सांधे वरच्या भागात ठेवा. हुकाला बेअरिंग घातलं की करकर थांबते. काहींना ती करकर आवडते, त्यांच्याशी वाद नाही.

संखेड्याचा झोपाळा घ्यायचा असेल तर एकदा तिकडे जाऊन या. बडोद्यापासून साधारण 50 किलोमीटर, हल्ली छोटा उदेपूर जिल्ह्यात. खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवान चरकावर उतरवतात, त्यावर कथलाच्या पन्नीची नक्षी रंगवतात आणि वरून लाखेचा थर देतात. तो लालसर-सोनेरी झळाळ त्या लाखेखालून येतो. या कामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. लाख उष्णतेने मऊ होते, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या जागी तो ठेवू नका, त्यावर गरम पातेलं टेकवू नका आणि ओल्या फडक्याऐवजी कोरड्याने पुसा. माझ्या मते एका खोलीत संखेड्याची एकच वस्तू पुरे. झोपाळा, सोफा, टीपॉय, देव्हारा सगळं त्याच घाटाचं घेतलं की खोलीला लग्नाच्या मंडपाची कळा येते.

उन्हाचा हिशेब

बडोद्यात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर सहज जातो. दुपारी चारला जिथे बसवत नाही ती खोली घरच्यांची होणार नाही, मग गाद्या कितीही मऊ असोत. गंमत अशी की लोक एसीवर खर्च करतात आणि ऊन आत येतंच राहतं.

सगळ्या दिशांचं ऊन सारखं नसतं. बडोदं साधारण 22.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी ऊन अडतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलून खाली येतो आणि ऊन आत शिरतं, ते तेव्हा हवंच असतं. उत्तरेची खिडकी तर वाचायला सगळ्यांत चांगली. खरा शत्रू पश्चिम. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. तिथे आडोसा बाहेरून हवा: बांबूची चिक, लाकडी झडपा, बाहेरच्या ग्रिलवर चढवलेली वेल किंवा उन्हाळ्यापुरता पाणी शिंपडलेला वाळ्याचा पडदा. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते. पडदे लावायचेच, पण त्यांच्याकडून डोळ्यांना आराम मिळेल एवढीच अपेक्षा ठेवा. अस्तर असलेला जाड सुती पडदा, छताजवळून जमिनीपर्यंत.

वर गच्ची असेल तर अर्धं काम तिथेच आहे. गुजरातेत गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करतात, तो शहाणपणाचा आहे. पांढरा रंग ऊन परतवतो आणि स्लॅब कमी तापतो. मोझॅक परवडत नसेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग दर एक-दोन उन्हाळ्यांनी मारा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो, म्हणून रात्री आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळवा. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्या तर वारा आत येतो पण पुढे जात नाही. अशा वेळी आतल्या दाराच्या वर जाळीचा झरोका काढून घेतला तरी फरक पडतो.

पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचा घ्या: जुना पंखा 70-75 वॉट खातो, हा 30 च्या आसपास. 16 फूट लांबीला एक पंखा कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, दोन लावा. पातं जमिनीपासून 8 फुटांच्या खाली नको. एसी लावणार असाल तर या मापाच्या खोलीला बहुधा दीड टन पुरतो. वर तापणारी गच्ची आणि पश्चिमेची भिंत असेल तर दोन टनांचा विचार करावा लागतो, पण आधी वरचे उपाय करून मग ठरवा. 2020 पासून नव्या एसींचं सुरुवातीचं तापमान 24 अंशच ठेवलेलं असतं. त्याच्या जोडीला पंखा मंद फिरवला की तेवढं पुरतं. एसीचा झोत झोपाळ्यावर किंवा आजीच्या नेहमीच्या जागेवर सरळ पडणार नाही असं युनिट बसवा, नाहीतर ती शाल घेऊन बसेल आणि शेवटी एसीच बंद होईल.

भिंती फोडायच्या तर आत्ताच

झोपाळा आणि बैठका कागदावर ठरल्या की वायरमनला बोलवा, त्याआधी नको. रंग झाल्यावर सुचलेला एक सॉकेट सगळ्या खर्चात महाग पडतो. दिव्यांना 1.5, सॉकेटना 2.5 आणि एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ही घरगुती कामात रूढ मापं. आयएस 694 या भारतीय मानकाचा शिक्का असलेलीच घ्या. मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर या कामातच बसवून घ्या, शॉक लागला तर जीव वाचवणारी वस्तू ती आहे.

टीव्हीमागे पाच-सहा पॉइंट, कारण टीव्ही, सेटटॉप बॉक्स, राउटर, स्पीकर आणि कुणाचा तरी चार्जर तिथेच येतात. प्रत्येक पक्क्या बैठकीशेजारी एक चार्जिंग पॉइंट, म्हणजे जमिनीवर वायरींचं जाळं होत नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर दोन्ही पंखे, एक दिवा आणि राउटर एवढं पुरे. गणपती जिथे बसवता त्या कोपऱ्यात चौरंगाच्या उंचीवर एक सॉकेट काढा. मखराच्या माळा दरवर्षी खोलीभर वायर ओढून लावणं थांबेल. त्या कोपऱ्यात 4 बाय 3 फुटांच्या जागेवर भिंतीला ठोकलेलं काहीच नको. एरवी तिथे हलकी खुर्ची किंवा कुंडी असू द्या, भाद्रपदात हलवता येईल अशी.

बसायच्या जागा

सोफा-सेट नावाची तीन-एक-एकची जोडी मला घरच्यांच्या खोलीत पटत नाही. त्यात सगळे समोरासमोर मुलाखतीला बसल्यासारखे दिसतात आणि आडवं कुणालाच होता येत नाही. त्यापेक्षा एका लांब भिंतीशी भारतीय बैठक करा: 10 ते 14 इंच उंचीचा लाकडी ओटा, त्यात खाली सामानाचे खण, वर 4-5 इंचांची गादी, भिंतीला लोड आणि हाताशी तक्के. ओटा भिंतीपासून अडीच फूट रुंद ठेवला की दुपारी एक जण झोपू शकतो. कापसाच्या गाद्या बसतात आणि गुठळ्या होतात हे खरं, पण पिंजाऱ्याकडून पिंजून घेतल्या की नव्यासारख्या होतात. फोम एकदा बसला की फेकावाच लागतो. उन्हाळ्यात पाठीला कापूसच बरा.

पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना 12 इंचांवरून उठवत नाही. त्यांच्यासाठी हातांची, सरळ पाठीची एक-दोन आसनं वेगळी हवीत: उंची 18-19 इंच, बसायच्या भागाची खोली 20 इंचांपर्यंत, हात घट्ट आणि धरून उठता येतील असे. दुकानात बसून बघताना मांडी घालून, पाठ टेकून, एका बाजूला कलून, जसं घरी बसता तसं निदान दहा मिनिटं बसा. दुकानदार बघतो बघू दे. फोम घेतलात तर घनता विचारा. रोजच्या बसण्याला 32 च्या (घनमीटरला किलो) खाली जाऊ नका, 40 असेल तर उत्तम. सांगाडा सागवानाचा किंवा चांगल्या प्लायचा, पट्ट्यांवर बसवलेला. खालून कापड उचलून बघायला मागा. दाखवत नसेल तर उठा.

कापडाचं म्हणाल तर, बडोद्याच्या घरात सोफ्यावर सेवउसळीचा रस्सा कधीतरी सांडणारच. हळदीचा डाग पुसला जात नाही, धुतला जातो, आणि सुती कापडावरचा तो डाग धुऊन उन्हात वाळवला की बराच फिका पडतो. म्हणून अभ्रे चेन लावलेले, काढता येणारे शिवून घ्या, प्रत्येकी दोन जोड. गडद मातकट, मोरपंखी, वीटकरी रंग डाग लपवतात. रेक्झिन उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. मखमली कापड धूळ धरतं. आणि पांढरा सोफा ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांनी मासिकातच बघावा.

फरशी कोटा असेल तर राहू द्या, ती घासून पॉलिश करून घ्या. उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं आडवं होण्याचं सुख व्हिट्रिफाइड टाइलला नाही. गालिचा पूर्ण खोलीभर नको, झोपाळ्याखाली तर मुळीच नको, पाय अडकतात. बैठकीपुढे धुता येईल अशी सुती सतरंजी ठेवा आणि खाली घसरू न देणारी जाळी.

टीव्ही कुठे, दिवे कुठे

टीव्ही खोलीचा मालक नाही, तरी सगळ्यात आधी त्याचीच भिंत ठरते. 43 इंची पडद्याला साडेपाच ते नऊ फूट, 55 इंचीला सात ते अकरा फूट अंतर ठीक. 12 फुटी रुंदीत याहून मोठा घेऊन मान दुखवू नका. बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच उंचीवर हवा, खाली बैठक असेल तर आणखी खाली. झोपाळ्यासमोर टीव्ही लावू नका: हलत्या डोळ्यांनी पडदा बघून डोकं दुखतं, आणि मागे बसलेल्यांना झोपाळाच दिसतो. झोपाळा टीव्हीच्या काटकोनात असावा, म्हणजे ज्याला सामना बघायचा नाही त्याला खिडकीबाहेर बघता येतं.

छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब सगळ्यांचे चेहरे आजारी दाखवते. एवढ्या खोलीला एकूण 4000 ल्युमेनच्या आसपास प्रकाश लागतो, म्हणजे एलईडीचे साधारण 40 वॉट, पण तो तीन-चार ठिकाणी वाटलेला आणि वेगवेगळ्या बटणांवर. संध्याकाळच्या बसण्याला 3000 केल्विनचा पिवळसर, अभ्यासाच्या आणि भाजी निवडण्याच्या जागेवर 4000 चा, खांद्यामागून येणारा. टीव्हीमागे एक मंद दिवा असला की अंधारात डोळे ताणत नाहीत.

सामान

घरच्यांच्या खोलीत पसारा होणारच, कारण तिथे माणसं राहतात. प्रश्न तो दोन मिनिटांत आवरता येतो का एवढाच. चष्मा, रिमोट, औषधं, विणकाम, पत्ते आणि कॅरमच्या सोंगट्या यांना झाकणाचे खण बैठकीच्या हाताशी हवेत. पतंगाच्या फिरक्या आणि नवरात्रातल्या दांडिया वर्षातून एकदाच लागतात, त्या माळ्यावर. दाराशी चपलांच्या कपाटावरच बसायची फळी करून घ्या. गरब्याहून रात्री उशिरा परतणारी मंडळी आत येईपर्यंत मोजडी काढत फरशीवर लोळण घेतात.

पुस्तकांच्या फळ्या मात्र दिसतील अशा हव्यात. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं त्या गावात पुस्तकं बंद कपाटात ठेवणं बरं दिसत नाही. फळीची खोली 10-11 इंच पुरते. 18 मिलिमीटरच्या प्लायची फळी अडीच फुटांहून लांब ठेवलीत तर पुस्तकांच्या भाराने मध्ये वाकते, मध्ये आधार द्या. भिंतीवर छापील देखावे लावण्यापेक्षा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेतल्या एखाद्या विद्यार्थ्याचं छापाचित्र घ्या. 1950 पासून ही संस्था गावात आहे आणि आपल्या भिंतींवर तिचा मागमूस नसतो. रंगांबद्दल जास्त सांगत नाही: मोठ्या भिंती फिकट, धुता येईल असा रंग, आणि गडद रंगाची हौस असेल तर पश्चिमेची सोडून एखादीच भिंत.

विश्वामित्री नदीच्या जवळ राहत असाल तर

31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली. अकोटा, समा, फतेगंज, कारेलीबागेच्या सखल भागांत तळमजल्यावर पाणी शिरलं, काही ठिकाणी मगरीही. अशा घरात घरच्यांची खोली वरच्या मजल्यावरच करावी. ते शक्य नसेल तर तळमजल्याचे सॉकेट 4 फुटांवर घ्या, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे ते बंद करून वरचं चालू राहील. जमिनीला टेकलेलं प्लायचं फर्निचर टाळा. चार-सहा इंची पायांवर उभं असलेलं सागवान किंवा लोखंड धुऊन वाळवता येतं, पार्टिकल बोर्ड फुगून भुगा होतो. प्लाय लागेलच तिथे आयएस 710 चं घ्या, स्वस्तातलं आयएस 303 ओलाव्याला तेवढं टिकत नाही. बैठकीच्या ओट्यातल्या खणांची दारं बंद ठेवण्यापेक्षा जाळीची करा, खालून हवा फिरली पाहिजे. पाणी ओसरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी वाळवी शोधत येते, तेव्हा भिंत आणि फरशीच्या सांध्यात औषध मारून घ्या.

पैसे कोणत्या क्रमाने घालायचे

पहिला पैसा ऊन अडवण्यावर आणि वायरिंगवर, कारण ते नंतर करता येत नाही. दुसरा टांगणीवर आणि झोपाळ्यावर. मग पंखे आणि दिवे. त्यानंतर बैठकीचा ओटा आणि ज्येष्ठांच्या खुर्च्या. इथे थांबा आणि दोन-तीन महिने तसंच राहा. मधलं टेबल, आणखी एखादी खुर्ची, गालिचा, कोपऱ्यातला दिवा यांतलं काय खरंच लागतंय ते तोवर कळतं, आणि निम्म्या गोष्टी लागतच नाहीत. सुताराला पैसे एकदम देऊ नका: लाकूड आणल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर आणि पॉलिश झाल्यावर असे तीन हप्ते ठरवा, शेवटचा हप्ता सगळे खण बंद-उघड करून बघितल्यानंतर.

जुना सोफा-सेट विकवत नसेल तर त्याच्या एकट्या खुर्च्या ठेवा, तीन जणांचा भाग द्या. पुढची दिवाळी आली की साफसफाईच्या दिवशी एक जण शिडीवर चढून झोपाळ्याचे हुक, नट आणि बेअरिंग हाताने हलवून बघा. थोडी ढिलाई किंवा गंज दिसला तर ते दुरुस्त होईपर्यंत फळी काढून भिंतीशी उभी करून ठेवा.